विश्वास आणि पडताळा
(व्यवसायातील अंतर्गत अफरातफर : ती कशी घडते व वेळीच कशी ओळखावी)



व्यापाराचा सारा डोलारा विश्वासावर उभा असतो. माल उधारीवर जातो तो विश्वासावर, गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली जाते ती विश्वासावर आणि वर्षाअखेरीस ताळेबंदावर सही होते तीही विश्वासावरच. ‘विश्वास पानिपतावर गेला’ असे मराठी माणूस थट्टेने म्हणतो. परंतु वीस-पंचवीस वर्षे पेढीवर राबलेल्या मुनीमानेच हिशेबात हात घातल्याचे एखाद्या मालकाला कळते, तेव्हा त्या वाक्यातील थट्टा संपते. बाहेरच्या चोरासाठी कुलूप आहे, पहारेकरी आहे, विमा आहे. घरच्याच माणसाने घरच्याच किल्लीने कपाट उघडले, तर कोणते कुलूप उपयोगी पडणार? कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कोणी करावयाची? हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजकोषातील धन अधिकाऱ्यांकडून कसे गिळंकृत होते, याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. आलेली रक्कम न नोंदणे, न दिलेली रक्कम दिली म्हणून लिहिणे, एकाचे नाव दुसऱ्याच्या जागी घालणे, वजन-मापात फरक करणे हे सारे त्या यादीत आहे. संगणक आला, बँका आल्या, तरी ती यादी फारशी जुनी झालेली नाही. त्याच ग्रंथात उपायही सुचविला आहे : प्रत्येक खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि त्यांची नेमणूक कायमची नसावी. या दोन सूत्रांचे महत्त्व पुढील उदाहरणांवरून लक्षात येईल.

अफरातफर करतो कोण?

सर्वसाधारण समजूत अशी की, अफरातफर करणारा मूळचाच लबाड असतो. अनुभव निराळे सांगतो. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासघाताच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्या कैद्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. या व्यक्ती नोकरीस लागल्या तेव्हा चोरीच्या हेतूने लागल्या नव्हत्या. तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा त्यांचा तोल गेला. पहिली, कोणापाशीही बोलून दाखविता न येणारी पैशाची अडचण. दुसरी, ती अडचण गुपचूप सोडविण्याची संधी आपल्या हुद्द्यात आहे याची जाणीव. तिसरी, मनाची घातलेली समजूत : ‘ही चोरी नव्हे, ही उसनवार आहे.’ पुढील काळात हेच विवेचन ‘अफरातफरीचा त्रिकोण’ या नावाने हिशेब तपासनिसांच्या अभ्यासक्रमात रूढ झाले.

या त्रिकोणाची कल्पना एका साध्या उदाहरणाने येईल. समजा, एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर एक रोखपाल आहे. माणूस सरळ, वक्तशीर, मालकाच्या घरच्या लग्नकार्यात राबणारा. त्याच्या मुलाला एकाएकी रुग्णालयात दाखल करावे लागते. मालकाकडे हात पसरण्याचा त्याला संकोच वाटतो. सोमवारी एका गिऱ्हाइकाकडून दहा हजार रुपये रोख येतात. रोखपाल ते नोंदवीत नाही. ‘पगार झाला की भरून टाकू’ असे स्वतःस बजावतो. गुरुवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बारा हजार येतात. पहिल्याच्या खात्यावर बाकी दिसू नये म्हणून त्यांतील दहा हजार तो पहिल्याच्या नावे जमा करतो. आता दुसऱ्याचे दहा हजार कमी पडतात. ते तिसऱ्याच्या रकमेतून भरले जातात. याची टोपी त्याच्या डोक्यावर, हा खेळ सुरू होतो. पगार होतो, परंतु खड्डा भरत नाही. कारण दरम्यान आणखी एकदा गरज पडलेली असते आणि पहिल्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा खेळ एकदा सुरू झाला की तो रोज खेळावा लागतो. कोणाची रक्कम कोणाच्या नावे टाकली, हे फक्त त्या एकाच माणसास ठाऊक असते. तो एक आठवडा गावी गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसला, तर तिसऱ्या दिवशी एखादे गिऱ्हाईक पावती पुढे करील आणि सारे उघडे पडेल. म्हणून असा माणूस रजा घेत नाही, तापात कामावर येतो, रविवारीही दप्तर उघडतो. मालक चारचौघांत त्याचे कौतुक करतो, ‘दहा वर्षांत एक दिवस खाडा नाही!’ न घेतलेली रजा ही निष्ठेची खूण असू शकते, तशीच ती भीतीचीही खूण असू शकते. या दोहोंतील फरक ओळखण्याचा मार्ग एकच : त्या माणसास सन्मानाने रजेवर पाठवावे आणि त्याचे काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे.

तीन मोठी उदाहरणे

पेढीवर जे घडते तेच मोठ्या संस्थांत मोठ्या आकड्यांनी घडते. पहिले उदाहरण लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचे. १७६२ मध्ये स्थापन झालेली ही प्रतिष्ठित बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. तिच्या सिंगापूर शाखेतील निक लीसन हा तरुण अधिकारी वायदेबाजारात सौदेही करीत असे आणि त्या सौद्यांची हिशेबी पूर्तताही त्याच्याच देखरेखीखाली होत असे. एका सहकाऱ्याच्या चुकीने झालेला तोटा दडविण्यासाठी १९९२ मध्ये त्याने ८८८८८ या क्रमांकाच्या खात्याचा आसरा घेतला. पुढे त्याच खात्यात स्वतःचे तोटे साठत गेले आणि अखेरचा आकडा ८२ कोटी पौंडांवर गेला. बँकेच्या अंतर्गत तपासनिसांनी १९९४ मध्येच ही दोन कामे एका हाती नसावीत अशी सूचना केली होती. तिची अंमलबजावणी झाली नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षांची बँक अखेर अवघ्या एका पौंडाच्या नाममात्र किमतीस दुसऱ्या वित्तसंस्थेकडे गेली.

दुसरे उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे. ७ जानेवारी २००९ रोजी संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखविली होती. तीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीत नफ्याचे प्रमाण २४ टक्के दाखविले गेले, प्रत्यक्षात ते ३ टक्के होते. प्रत्यक्ष नफा आणि कागदावरचा नफा यांतील लहानशी तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली आणि मग ती आवरेना, असे त्या पत्रातच म्हटले होते. पेढीवरच्या रोखपालाची कथाही याहून वेगळी नव्हती. येथे टोपी फिरविणारा हात सर्वांत वरच्या खुर्चीवर होता, एवढाच फरक. बँकेतील ठेव खरोखर आहे काय, याची खातरजमा तपासनिसांनी बँकेस थेट विचारून करावयाची असते. ही विचारणा कंपनीच्याच माणसांमार्फत होत राहिल्याचे पुढे अमेरिकेतील नियामकांनी २०११ मध्ये नमूद केले. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच हाती प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका दोन्ही दिल्यासारखा हा प्रकार होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले.

तिसरे उदाहरण मुंबईच्या फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचे. परदेशी बँकांकडून कर्ज मिळविण्यासाठी लागणारी हमीपत्रे या शाखेतून वर्षानुवर्षे तारण न घेता दिली गेली. हमीचा संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जाई. ती यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीस जोडलेली नव्हती. साहजिकच संदेश परदेशी पोहोचे आणि येथील वहीत त्याची नोंद नसे. बँकेच्या तक्रारीनुसार हे करणारा उपव्यवस्थापक त्याच शाखेत अनेक वर्षे होता आणि २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी समूहाच्या कंपन्या पुन्हा तशीच मागणी घेऊन आल्या, तेव्हा त्या जागेवर दुसरे अधिकारी होते. त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण रक्कम तारण म्हणून मागितली. ‘पूर्वी असे काही लागत नव्हते’, असे उत्तर मिळाले. अधिकाऱ्यांनी पूर्वीच्या नोंदी पाहिल्या, त्या नव्हत्याच. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने शेअर बाजारास सुमारे १७७ कोटी डॉलरचे गैरव्यवहार कळविले.

तिन्ही प्रकरणांतील समान धागा स्पष्ट आहे. एकाच हाती काम आणि त्याच हाती त्या कामाची नोंद. ब्रॅडी हाउसचा प्रकार एखाद्या गुप्तहेराने उघडकीस आणला नाही. खुर्चीवरचा माणूस बदलला आणि नव्या माणसाने एक साधा प्रश्न विचारला, एवढेच घडले.

अशा प्रकारांची झळ कोणास पोहोचते, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदारास सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एका बांधकाम समूहाशी निगडित ४४ थकीत कर्जखाती दडविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आल्याचा आरोप पोलिसांनी नोंदविला. मुंबई-ठाण्यातील निवृत्त कर्मचारी, रिक्षाचालक, छोटे दुकानदार, गृहनिर्माण संस्था यांची आयुष्यभराची पुंजी त्या आकड्यांखाली अडकली.

वेळीच ओळखण्याच्या खुणा

‘असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात जगभरातील १,९२१ प्रकरणांचा अभ्यास आहे. अफरातफर सुरू झाल्यापासून उघड होईपर्यंत साधारणतः बारा महिने गेलेले असतात, असे त्यात आढळते. हा अवधी जितका कमी, तितकी हानी कमी. म्हणून खुणा ओळखण्यास महत्त्व आहे.

माणसाच्या वागण्यातील खुणा पुढीलप्रमाणे असतात. उत्पन्नाशी न जुळणारे राहणीमान ही सर्वाधिक आढळणारी खूण. त्याशिवाय आपले काम दुसऱ्यास दाखविण्यास टाळाटाळ, बढती किंवा बदली नाकारणे, एखाद्याच पुरवठादाराशी नको तितकी जवळीक, साध्या प्रश्नावर संताप किंवा ‘इतकी वर्षे काम केले, आता माझ्यावर संशय?’ अशी भाषा.

दप्तरातील खुणा अधिक बोलक्या असतात. बँकेच्या पासबुकाशी रोजकीर्दीचा मेळ महिनोन्‌महिने घातलेला नसतो. पावतीपुस्तकातील मधले क्रमांक गहाळ असतात. मूळ बिलाऐवजी छायाप्रत जोडलेली असते. नव्या पुरवठादाराची बिले ओळीने एकापुढील एक क्रमांकांची येतात; याचा अर्थ त्यास दुसरे गिऱ्हाईकच नाही. रकमा मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली असतात : मर्यादा पन्नास हजारांची असेल तर बिल एकोणपन्नास हजार आठशेचे. विक्री वाढते, नफा वाढतो, पण रोकड कधी हाती येत नाही. पगारपत्रकात दोन कामगारांचे बँकखाते एकच असते. गोदामातील साठा वहीत पुरा असतो, मोजला की कमी भरतो.

या खुणांपैकी एखादी आढळली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे मुळीच नव्हे. वडिलार्जित शेत विकून कोणी गाडी घेतली असेल, स्वभावानेच कोणी रजा घेत नसेल. खूण म्हणजे आरोप नव्हे. शांतपणे कागद पाहण्याचे ते निमित्त. चारचौघांत संशय बोलून दाखविणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय खरा दोषी असेल तर त्यास पुरावा नष्ट करण्याची संधी देणारे आहे.

उपाययोजना

लहान व्यावसायिक म्हणतात, ‘आमच्याकडे माणसेच चार, कामाची विभागणी करावयाची कशी?’ त्यांच्यासाठी काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पैसे घेणारा, नोंद करणारा आणि बँकेशी मेळ घालणारा हे एकच नसावेत. माणसे कमी असल्यास तिसरे काम मालकाने स्वतः करावे. बँकेचे मासिक विवरणपत्र हिशेबनिसाकडून न मागविता मालकाने थेट बँकेकडून घ्यावे. बँकेत नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक मालकाचाच असावा. अनेक पेढ्यांत तो हिशेबनिसाचा असतो आणि परवलीचा आकडाही त्याच्याकडेच येतो. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्याची आणि डिजिटल स्वाक्षरीचे साधन दुसऱ्याच्या खणात ठेवण्याची सवय मोडावी. ऑनलाइन रक्कम पाठविताना एकाने नोंद करावी व दुसऱ्याने मंजुरी द्यावी. नव्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर पडताळून पाहावा. महिन्यातून एकदा, दिवस न ठरविता, गल्ला व साठा मोजावा. थकबाकीदारांस सहा महिन्यांनी बाकीचे पत्र थेट पाठवावे. टोपी फिरविण्याचा खेळ या एका पत्राने उघडा पडतो. देणग्या स्वीकारणाऱ्या संस्थांनी छापलेल्या प्रत्येक पावतीपुस्तकाची नोंदवही ठेवावी.

रजेचा नियम तर सर्वांनीच पाळण्याजोगा आहे. बँकांतील संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचनेविना, सक्तीच्या रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सांगितले. पेढीस सात दिवसही पुरतील.

कायद्यानेही पावले उचलली आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४४७ मध्ये अफरातफरीस कारावासाची तरतूद आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. ती नोंद बंद करता येऊ नये, असाही नियम आहे. तथापि वर्षातून एकदा येणाऱ्या हिशेब तपासनिसावर सारा भार टाकणे योग्य नाही. तो राखण करणारा कुत्रा आहे, वास काढीत माग घेणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे इंग्लंडमधील न्यायमूर्तींनी १८९६ मध्येच एका कापूस गिरणीच्या खटल्यात म्हटले होते. २०२४ च्या उपरोक्त अहवालानुसार बाह्य तपासणीतून केवळ ३ टक्के प्रकरणे उघडकीस आली. ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघड झाली आणि अशी माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक संस्थेतील कर्मचारीच होते. गोदामातील हमाल, बिले लिहिणारी मुलगी, गाडीचा चालक यांना बरेच ठाऊक असते. ते बोलत नाहीत, कारण बोलल्यास नोकरी जाईल ही भीती असते. त्यांचे म्हणणे मालकापर्यंत निर्धोकपणे पोहोचण्याची वाट असणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक व्यवस्था होय.

समारोप

पडताळणी म्हणजे अविश्वास, हा समज दूर होणे अगत्याचे आहे. जी तपासणी एकट्यापुरती होते ती अपमानास्पद वाटते. जी मालकाच्या पुतण्यापासून शिपायापर्यंत सर्वांची सारखी होते, ती रीत ठरते. ज्याचा हिशेब रोज पाहिला जातो, त्या प्रामाणिक माणसावर पुढे कोणी बोट ठेवू शकत नाही.

आरंभीच्या उदाहरणातील रोखपालाचा विचार पुन्हा करून पाहावा. पहिल्या आठवड्यातच शनिवारी दुसऱ्या कोणी रोख मोजली असती व सोमवारच्या पावतीशी ताडून पाहिली असती, तर दहा हजारांची चूक दहा हजारांतच थांबली असती. त्याहूनही आधी मालकाने ‘घरी सारे ठीक आहे ना?’ असे विचारले असते, अडीअडचणीस उचल मिळते हे पेढीवर सर्वांना ठाऊक असते, तर ते दहा हजार उचल म्हणून नोंदले गेले असते आणि दरमहा पगारातून वळते झाले असते. व्यापाऱ्याचा पैसा वाचला असता आणि एका कुटुंबाची अब्रूही. प्रत्येक व्यावसायिकाने येत्या सोमवारी आपल्या पेढीवर एवढेच पाहावे : कोणत्या वहीस एकाच माणसाखेरीज कोणाचा हात लागलेला नाही, आणि कोणत्या माणसाने किती वर्षांत रजा घेतलेली नाही. ती वही उघडावी, आणि त्या माणसास आपुलकीने चार दिवस घरी पाठवावे.